ड्युअल-स्पोर्ट बाईकचं सामान: रॅक, बॅगा आणि वजनाचा हिशोब (नाशिक, प्रकल्प नोंदी)

३ मे

बाईक: हिरो एक्सपल्स २०० ४व्ही, ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांची. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकचं चाक, दोन्हींत ट्यूब. टाकी १३ लिटर, पेट्रोलसकट वजन सुमारे १६० किलो. मागच्या चाकाची चाल (शॉकअपवर वर-खाली सरकण्याची जागा) १७० मिमी, दोन चाकांमधलं अंतर सुमारे १४१० मिमी. हे शेवटचे दोन आकडे पुढे वारंवार लागतील.

काम: एक स्वार, आठवडाभराचा प्रवास, काही रात्री तंबूत. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा कच्चा.

सामानाची मर्यादा २४ किलो ठरवली, म्हणजे बाईकच्या वजनाच्या १५ टक्के. त्यात रॅक, रिकाम्या बॅगा, पाणी, हत्यारं सगळं आलं. आधी मर्यादा, मग सामानाची यादी, आणि बॅग सगळ्यात शेवटी. दुकानात जाऊन आधी बॅग घेतली की ती जेवढी मोठी तेवढी भरते. हलकेपणा हे या बाईकचं खरं बळ आहे. हरसूलकडच्या चिखलात ती आडवी झाली तरी एकट्याला उचलता येते. मागे ४० किलो बांधले की तो फायदा गेला.

६ मे

ॲल्युमिनियमचे डबे की कापडी बॅगा, हा प्रश्न वजनावरच सुटतो. ३५ लिटरच्या आसपासचा एक रिकामा डबा ५ ते ६ किलोचा, त्याला लागणारा भक्कम रॅक आणखी ५ किलोच्या पुढे. म्हणजे दोन डब्यांत एकही कपडा न भरता १६ किलो संपले. कापडी सॅडलबॅगांची (सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या बॅगांची) जोडी तीन किलोच्या आत बसते आणि तिला हलका रॅक पुरतो.

दुसरं कारण पायाचं. कच्च्या रस्त्यावर तोल सांभाळताना पाय खाली टेकतो, बाईक पुढे सरकत असते आणि डब्याची कड पोटरीवर येते. नडगी आणि घोटा मोडण्याचे प्रकार असेच घडतात. कापडी बॅग दबते. पडल्यावर डबा वाकला की झाकण बसत नाही, रॅकचे कान (बाईकला बोल्टने जोडायच्या पट्ट्या) वाकतात आणि धक्का थेट मागच्या सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याला जातो. सबफ्रेम वाकली तर दुरुस्ती गावातल्या गॅरेजच्या आवाक्याबाहेर जाते.

डब्यांची बाजू घेण्यासारखं एकच: कुलूप. हॉटेलांत मुक्काम आणि सगळा रस्ता डांबरी असेल तर डबे जरूर घ्यावेत. इथे ते बाद.

११ मे

रॅक लावायचा की नाही? बिनरॅकच्या, सीटवर घोड्याच्या खोगिरासारख्या टाकायच्या बॅगा सगळ्यात हलक्या पडतात. पण एक्सपल्सचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. बिनरॅकची बॅग खड्ड्यात आत झुलते आणि थेट त्यावर टेकते. ताडपत्रीसारखं पीव्हीसी कापड ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. नायलॉन वितळायला २०० अंशांच्या वर लागतात, पण त्याचं आतलं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, जे पाणी अडवतं, त्याआधीच सुटतं. बॅग जळालेली दिसण्याआधी ती गळायला लागते ती यामुळे. निर्णय: हलका साईड रॅक बनवून घ्यायचा.

१४ मे

रॅकचं साहित्य. फॅब्रिकेशनवाले सवयीने १२ मिमीचा भरीव एमएस (साध्या पोलादाचा) रॉड सुचवतात, कारण तो वाकवायला सोपा. त्याऐवजी १६ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा (१६ गेज) पाईप घ्यावा. हिशोब असा:

१२ मिमी रॉड: मीटरला सुमारे ८९० ग्रॅम.
१६ मिमी पाईप: मीटरला सुमारे ५७० ग्रॅम.

दोन्ही बाजू आणि मागचा आडवा दांडा मिळून साडेचार मीटर लागतात. रॉडचे ४ किलो, पाईपचे २.६ किलो. आणि वाकायला विरोध पाईपचाच जास्त, रॉडच्या जवळजवळ पावणेदोन ते दोन पट, कारण धातू मध्यापासून लांब आहे. वजनही कमी, ताकदही जास्त. रॉड घेण्याचं काहीच कारण उरत नाही. पाईप वाकवताना मात्र बेंडर पाहिजे. गॅसने तापवून हाताने वाकवला तर आतली बाजू चेपते आणि पुढे तडा तिथेच जातो.

१७ मे

अंबड एमआयडीसीत रॅकचं काम. क्रम महत्त्वाचा म्हणून सविस्तर.

आधी पुठ्ठ्याचा साचा केला. बॅग भरलेली असताना तिचा आतला तळ टायर आणि चेनपासून किती लांब राहतो हे पाहायला बाईक सरळ उभी करून, रॅचेटच्या पट्ट्याने मागचा भाग खाली ओढून शॉकअप पूर्ण दाबला. मोकळ्या उभ्या बाईकवर माप घेतलं की १० सेंमी जागा दिसते. चाक १७० मिमी वर आल्यावर तीच जागा नाहीशी होते. पूर्ण दाबलेल्या स्थितीत टायरपासून किमान २५ मिमी राहिली पाहिजे.

फूटपेगच्या (पाय ठेवायच्या खुंटीच्या) मागे २० सेंमीपर्यंत रॅक आणि बॅग दोन्ही येऊ द्यायची नाहीत. उभं राहून चालवताना टाच मागे जाते, ती अडली की गुडघे सरळ होतात आणि मग सगळे धक्के कमरेत.

रुंदी: हँडलची रुंदी सुमारे ८५० मिमी. बॅगा भरून बाहेरून बाहेर ७८० मिमीच्या आत ठेवायच्या. रविवार कारंजाच्या गर्दीत किंवा जव्हारकडच्या झुडपांच्या पायवाटेवर जिथून हँडल गेलं तिथून बॅगही जाते, मागे वळून बघावं लागत नाही.

वेल्डिंग बाईकवर करायचं नाही. पट्ट्या बोल्टने बाईकवर बसवून पाईप जागच्या जागी खुणा करून घ्यायचे, मग सगळं उतरवून टेबलावर टाके मारायचे, पुन्हा बाईकवर बसवून तपासायचं आणि शेवटी उतरवून पूर्ण वेल्ड. बाईकवरच टाके मारले तर करंट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि बॅटरीतून जाऊ शकतो. फ्रेमला तर वेल्डिंग अजिबात नको. रॅकचे कान कंपनीने दिलेल्या भोकांवरच घ्यायचे.

नंबरप्लेटच्या वरून डाव्या आणि उजव्या रॅकला जोडणारा आडवा दांडा. हा टाळला की दोन्ही बाजू प्रत्येक खड्ड्यात आत-बाहेर हलतात आणि वेल्डच्या कडेला बारीक तडा सुरू होतो. बाजारातल्या स्वस्त रॅकांत नेमका हाच दांडा नसतो. घेताना आधी तो शोधावा.

पाईपची टोकं बंद केल्यावर खालच्या बाजूला ३ मिमीचं भोक पाडलं. पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश तापमान असतं, आतली हवा फुगते. शिवाय पुढे आत साचलेलं पाणी याच भोकातून निघतं. भोक नसेल तर रॅक आतून गंजतो आणि बाहेरून शेवटपर्यंत नवा दिसतो.

२१ मे

रॅक पावडर कोटिंग होऊन आला. पट्ट्या, बोल्ट धरून ३.१ किलो. एम८ (८ मिमीचा) बोल्ट, ८.८ ग्रेड, कसायचा जोर २५ एनएम (न्यूटन-मीटर). एम६ ला १० एनएम. निळं थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा, मध्यम ताकदीचा गोंद), जिथे नट आहे तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा). लाल थ्रेडलॉक लावू नये, रस्त्यात खोलायला गरम करावं लागतं. कसल्यावर प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटली दिसली की बोल्ट फिरला. पाना न लावता रोज सकाळी तपासता येतं.

उजवीकडे सायलेन्सरवर १.२ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल, १५ मिमीच्या नळकांड्यांवर उचलून. मधून हवा खेळली पाहिजे. पत्रा सायलेन्सरला चिकटवून बसवला तर तोच तापून बॅगला चटका देतो.

२५ मे

बॅगांचं कापड. दुकानदार डेनिअरचा (धाग्याच्या जाडीचा) आकडा पुढे करतो. १००० डेनिअर नायलॉन किंवा १६८० डेनिअर बॅलिस्टिक दोन्ही चांगली, पण डेनिअर फक्त घासणं सोसण्याबद्दल सांगतो, पाण्याबद्दल नाही. पाणी शिवणीतून आणि चेनमधून (झिपमधून) येतं. म्हणून बघायच्या गोष्टी अशा:

शिवणी आतून टेप केलेल्या आहेत, की वेल्ड केलेल्या (उष्णतेने चिकटवलेल्या) आहेत? वेल्ड केलेली रोलटॉप (तोंड गुंडाळून बंद करायची) बॅग पावसात निर्धास्त. टेप केलेली काही पावसाळे धरते, मग टेप सुटते. नुसती शिवलेली आणि वर 'रेन कव्हर' दिलेली बॅग इथे उपयोगाची नाही. कव्हर ताशी ८० च्या वाऱ्यात फुग्यासारखं फुगतं, चिखलात फाटतं, आणि तळाशी मागच्या चाकाचं पाणी साचवतं.

रोलटॉपला पूर्ण तीन घड्या पाहिजेत. दोनच घड्यांत पाणी आत चढतं. म्हणजे ३० लिटरची बॅग प्रत्यक्षात २४-२५ लिटरच भरायची. हा हिशोब धरूनच माप निवडावं.

सामान काढायची चेन बाजूला नको, वर हवी. मागच्या चाकाची धूळ बाजूच्या चेनच्या दातांत बसते आणि स्लायडर झिजतो. चेन तुटते ती ओढल्याने कमी, धुळीने जास्त. मेणबत्ती घासली की चालते. तेल लावू नये, धूळ आणखी धरतं.

निवड: प्रत्येकी २० लिटरच्या दोन रोलटॉप सॅडलबॅगा, आत काढता येणारी वेल्ड केलेली पिशवी, बाहेर जाड नायलॉनचं कवच. जोडीचं वजन २.८ किलो. बाहेरचं कवच रॅकवर चिखलासकट राहतं, आतली पिशवी उचलून तंबूत नेता येते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ही सोय फार मोठी. शिवाय सीटवर आडवी टाकायला ३५ लिटरची साधी ड्रायबॅग, ०.६ किलो. टँकबॅग मुद्दाम घेतली नाही. उभं राहून चालवताना ती पोटाला अडते.

३० मे

वजन कुठे टांगायचं. हा या सगळ्या कामाचा गाभा आहे.

तंबू, झोपेची पिशवी, कपडे आणि स्वयंपाकाचं सामान भरलेली ड्रायबॅग ८ किलोची. ती मागच्या कॅरिअरवर बांधली तर तिचा मध्य मागच्या आसाच्या सुमारे २५० मिमी मागे जातो. तराजूचाच नियम: ८ × २५० ÷ १४१० = १.४. म्हणजे मागच्या चाकावर ९.४ किलो वाढले आणि पुढच्या चाकावरून १.४ किलो उचलले गेले. तीच बॅग मागच्या माणसाच्या सीटवर, आसाच्या १५० मिमी पुढे आणली तर पुढच्या चाकावर उलट ०.८५ किलो वाढतात. फरक सव्वादोन किलोचा.

आकडा लहान वाटेल, पण तो स्थिर उभ्या बाईकचा आहे. खड्ड्यांतून बाईक पुढे-मागे डुलते तेव्हा वजनाचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. बाईकच्या गुरुत्वमध्यापासून कॅरिअरवरची बॅग सुमारे ८९ सेंमी, सीटवरची ४९ सेंमी. दोघांच्या वर्गांचं गुणोत्तर ३.३. म्हणजे तीच ८ किलोची बॅग कॅरिअरवर बाईकला तिपटीहून जास्त डोलावते. सावळ घाटाच्या चढणीवर हँडल हलकं लागणं, खडीवर पुढचं चाक भरकटणं, ही तक्रार बहुतेक वेळा टायरची नसून कॅरिअरची असते.

म्हणून कॅरिअर रिकामं. जड ते खाली आणि पुढे: हत्यारं, पंक्चरचं सामान आणि ट्यूब पुढच्या क्रॅशगार्डला दोन छोट्या पिशव्यांत. पाणी सॅडलबॅगांच्या तळाशी, डाव्या-उजव्यात दीड-दीड लिटर. सीटवर फक्त हलकं आणि मोठं.

कांद्याच्या खळ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चाकनिहाय वजन घेता येतं. एक चाक काट्यावर, दुसऱ्याखाली काट्याच्याच उंचीची फळी, स्वार बसलेला. फळी विसरली तर बाईक कलते आणि आकडे चुकतात. आलेले आकडे टायरवरच्या लोड इंडेक्सशी (टायर किती वजन पेलतो त्याच्या सांकेतिक आकड्याशी) ताडून पाहायचे: ५४ म्हणजे २१२ किलो, ६२ म्हणजे २६५ किलो.

२ जून

यादी आणि वजन, सगळं बांधून:

साईड रॅक ३.१
सॅडलबॅगा २.८
ड्रायबॅग ०.६
हत्यारं, पंक्चरचं सामान, २१ इंची ट्यूब ३.४
पाणी ३.०
तंबू, झोपेची पिशवी, मॅट ३.९
स्टोव्ह, गॅस, भांडं १.१
कपडे २.४
रेनसूट १.०
प्रथमोपचार, टॉर्च, चार्जर, कागदपत्रं १.२

एकूण २२.५ किलो. मर्यादेच्या आत दीड किलो शिल्लक. ती खाण्यापिण्यासाठी मोकळी ठेवायची.

जादा पेट्रोल यादीत नाही. १३ लिटरची टाकी आणि पेठ, सुरगाणा, कळवण, सटाणा या तालुक्याच्या गावांत मिळणारं पेट्रोल एवढं पुरतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल तर कधीच नेऊ नये; उन्हात वाफेने बाटली फुगते आणि झाकणातून गळते.

५ जून

मागच्या स्प्रिंगचा ताण. स्वार आणि सामानासकट मागचा भाग चालीच्या साधारण एक तृतीयांश बसला पाहिजे, म्हणजे १७० पैकी ५५ मिमीच्या आसपास. चाक हवेत असताना आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप, मग सगळं लादून, बसून पुन्हा तेच माप. फरक ७० मिमीच्या वर असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवायचा. या शॉकअपला १० टप्पे आहेत. सामान उतरवलं की टप्पे मागे आणायचेच. रिकाम्या बाईकवर जास्त प्रीलोड ठेवला तर मागचं चाक खडीवर उड्या मारतं. शेवटच्या टप्प्यावरही ७० च्या खाली येत नसेल तर स्प्रिंग बदलण्याआधी सामान कमी करून बघावं.

८ जून

हत्यारं. घरी दोन्ही चाकं पूर्ण उतरवून, ट्यूब काढून, परत बसवून जे पाने लागले तेवढेच पिशवीत. ३० तुकड्यांचा तयार संच नेण्यात अर्थ नाही, त्यातले निम्मे माप या बाईकवर कुठेच बसत नाही आणि आसाच्या नटाचा मोठा पाना नेमका नसतो.

२१ इंची एकच ट्यूब. ती अडचणीत मागच्या १८ इंची चाकातही चालते. घडी पडते, म्हणून फक्त पुढच्या मोठ्या गावापर्यंत, सावकाश. उलट १८ ची ट्यूब २१ मध्ये ताणून बसवू नये, पातळ होऊन फाटते.

टायर लिव्हर तीन, व्हॉल्व्हची किल्ली, पॅच, रबर सोल्यूशन. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळते, म्हणून न उघडलेलीच ठेवायची. हातपंप हवाच. १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर ८-१० अँपिअर ओढतो, तो हँडलवरच्या यूएसबीवर चालणार नाही. बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूज घालून वेगळी वायर घ्यायची आणि इंजिन चालू ठेवून हवा भरायची.

जादा क्लच केबल जुन्या केबलशेजारीच टेपने बांधून ठेवली, दोन्ही टोकं झाकून. चेनच्या मापाची जोडकडी, फ्यूज, चार-चार एम६ आणि एम८ बोल्ट, केबल टाय, तांब्याची तार.

कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची सवय ट्यूबच्या टायरला बेताने. फार कमी केली की दगडावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते. टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हचा बुडखाही उपटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की लगेच हवा सोडून सरळ करायचा.

१२ जून

बांधायच्या पट्ट्या. हुकाच्या बंजी दोऱ्या बाद. खड्ड्यात बॅग उडाली की ताण सुटतो, हुक निसटतो आणि दोरी चेन-स्प्रॉकेटमध्ये जाऊन मागचं चाक जॅम होतं. त्याऐवजी २५ मिमीच्या पॉलिस्टर पट्ट्या, कॅम बकलच्या (ओढून दाबून धरणाऱ्या साध्या बकलच्या). नायलॉन ओला झाला की ताणतो. सकाळी कसलेली पट्टी पावसात ढिली पडण्याचं ते कारण. रॅचेट कापडी बॅगेवर नको, कापडच चिरतं. पट्टीचं मोकळं टोक गुंडाळून वेल्क्रोने बंद. लोंबतं टोक आणि हुकाची बंजी, दोघांचा धोका एकच.

निघाल्यावर १०-१५ किमीवर थांबून पुन्हा आवळायचं. आतलं सामान तोवर बसलेलं असतं.

मागचे इंडिकेटर बॅगांनी झाकले गेले, ते रॅकच्या आडव्या दांड्यावर बाहेर आणले. नंबरप्लेट आणि मागचा दिवा मागून पूर्ण दिसतो, तपासलं.

१६ जून

अंगावरचं. हेल्मेट: भारतात १ जून २०२१ पासून बीआयएस प्रमाणित हेल्मेटच विकता येतं, आयएस ४१५१ ची खूण बघावी, ईसीई २२.०६ (युरोपात चालणारं हेल्मेटचं मानक) असेल तर उत्तम. हेल्मेटची पुढे आलेली झडप काढता येणारी हवी, हायवेवर वाऱ्याने ती मान वर ओढते.

जॅकेटवर ईएन (युरोपीय मानक) १७०९२ चा वर्ग बघावा: ए, एए, एएए असा चढता क्रम. आतलं संरक्षण वेगळं असतं. खांदा-कोपर-गुडघ्याला ईएन १६२१-१, पाठीला १६२१-२. पाठीचा लेव्हल २ च घ्यावा. लेव्हल १ मधून १८ केएनपर्यंत (किलोन्यूटन) धक्का आत येऊ शकतो, लेव्हल २ मध्ये मर्यादा ९ ची. बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोम येतो. खिसा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नाशिकच्या उन्हाळ्याला जाळीचं जॅकेट आणि वरून रेनसूट. आत लावायचा रेन लायनर नको: बाहेरचं जॅकेट भिजून जड आणि गार होतं, दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. बूट घोट्याच्या वर जाणारे, ईएन १३६३४. बुटाच्या बाहेरून पॅन्ट, नाहीतर सगळा पाऊस बुटात.

फोन हँडलवर लावायचा तर कंपन शोषणाऱ्या माउंटवर. इंजिनच्या कंपनाने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

२२ जून

नळीच्या पाण्याची चाचणी. बॅगांत वर्तमानपत्राचे कागद भरून, बाईकवर बांधलेल्या स्थितीतच, वरून आणि मागच्या चाकाच्या दिशेने खालूनही. दोन घड्यांच्या रोलटॉपमध्ये वरचा कागद ओला, तीन घड्यांत सगळे कोरडे. कवचाच्या तळाला पाणी साचलं. ८ मिमीची दोन भोकं पाडून पितळी आयलेट बसवले.

२९ जून

पूर्ण सामानासकट: नाशिक, पेठ, सुरगाणा, बोरगाव, हतगड. परत अभोणा, कळवण, वणी, दिंडोरीवरून. आतल्या कच्च्या फाट्यांसह.

बोल्टवरच्या रेघांपैकी उजव्या खालच्या कानाची रेघ सरकली. कान आणि फ्रेममध्ये रंगाचा जाड थर राहिला होता. तो दाबला जाऊन ताण सुटला. तेवढ्या जागेची पावडर घासून, धातूवर धातू बसवून पुन्हा २५ एनएम. पावडर कोटिंगला देताना बोल्टच्या बैठका टेपने झाकायला सांगाव्यात.

ढालीशेजारी बॅगेचं कापड हाताला कोमट, एवढंच. डाव्या बॅगेचा आतला खालचा कोपरा चेनगार्डला घासल्याची खूण. वरची पट्टी एक घर वर घेतली. हँडल खडीवर स्थिर.

३ जुलै

राहिलेली कामं: डाव्या कोपऱ्यावर बाहेरून रबरी पॅच. आडव्या दांड्याच्या दोन्ही वेल्डवर पांढरा रंग, म्हणजे तडा गेला तर गंजाची तांबडी रेघ लांबूनही दिसेल. थ्रेडलॉक लावलेले बोल्ट १००० किमीनंतर एकदा टॉर्क पान्याने तपासायचे. खोलले तर जुनं लॉक ब्रशने काढून नवं लावल्याशिवाय परत बसवायचे नाहीत.